माणसे राहिली, संघ गेला
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सभेत फुटबॉल कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना फुटबॉल परका नाही. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्या दिवसांत मुंबईच्या नातेवाइकांपुढे आपली मान ताठ असे, असे आमचे वडील सांगत. घरात मराठी बोलणारी माणसे हैदराबादचा संघ ‘आपला’ म्हणत होती. ‘आपला’ हाच शब्द आज मला तपासायचा आहे.

२०१९ साली पुण्याचा एफसी पुणे सिटी बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुण्याचे दुःख आपल्याला फारसे जाणवले नाही, कारण संघ आपल्या दारी आला होता. मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला या संघाने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा आपण पेढे वाटले. २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला गेला आणि नावही बदलले. आपल्याला कोणी विचारले? पुणेकरांना तरी कोणी विचारले होते?

असा प्रसंग इंग्लंडमध्ये एका जुन्या क्लबवर आला होता. तिथल्या साध्या माणसांनी काय केले, ते ऐकण्यासारखे आहे.

दक्षिण लंडनमधील विम्बल्डनचा फुटबॉल क्लब १८८९ चा. १९१२ पासून प्लाऊ लेन हे त्याचे मैदान. १९७७ साली त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि अवघ्या अकरा वर्षांत, १९८८ मध्ये, त्याने बलाढ्य लिव्हरपूलला १-० ने हरवून एफए कप जिंकला. पुढे मोठ्या क्लबांच्या मैदानांसाठी सुरक्षेचे नियम कडक झाले. जुने मैदान अपुरे म्हणून १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून गेला. व्यवस्था तात्पुरती आहे, असे सांगितले गेले. १९९८ मध्ये प्लाऊ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. घर गेले, भाड्याची खोली राहिली.

ऑगस्ट २००१ मध्ये मालकांनी जाहीर केले, की क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा. समर्थकांनी निदर्शने केली, सामन्याच्या अधिकृत पुस्तिकेवर बहिष्कार घालून स्वतःची पुस्तिका काढली. लीगच्या संचालक मंडळाने आधी नकार दिला. मालकांनी दाद मागितली, आणि २८ मे २००२ रोजी तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. क्लब तोट्यात होता, स्वतःचे मैदान नव्हते, आणि मिल्टन कीन्सकडे लोकवस्ती होती पण लीगमधला क्लब नव्हता. इथे मरण्यापेक्षा तिथे जगलेला काय वाईट, असा तो सवाल होता. तो मूर्खपणाचा नव्हता. मिल्टन कीन्सच्या मुलांनी तर कोणाचेच काही वाईट केले नव्हते.

उत्तर आपल्याच इतिहासात सापडते. आपले पूर्वजही गाव सोडून आले. कोणी फौजेबरोबर, कोणी चाकरीसाठी. त्यांनी कुलदैवताचा टाक बरोबर आणला, पण गावचे देऊळ उचलून आणले नाही. ते गावात राहिलेल्यांचे होते. माणसाने स्थलांतर करणे वेगळे आणि माणसांना जागेवर ठेवून त्यांची संस्था उचलून नेणे वेगळे.

निकालानंतर दोनच दिवसांत विम्बल्डनचे समर्थक एकत्र जमले. निषेधाचे ठराव पुरे झाले, आता स्वतःचा क्लब काढू, असे ठरले. महिनाभरात विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळरानावर खेळाडूंची निवड चाचणी झाली. एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब अगदी तळाजवळच्या स्पर्धेत उतरला. तरीही त्या हंगामात त्याच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांहून अधिक लोक येत. कितीतरी पायऱ्या वर खेळणाऱ्या जुन्या क्लबला तेवढेही मिळत नव्हते.

सप्टेंबर २००३ मध्ये जुना क्लब खरोखरच मिल्टन कीन्सला गेला आणि २००४ मध्ये त्याचे नाव एमके डॉन्स झाले. २००७ साली त्या क्लबने जुने चषक आणि सन्मान विम्बल्डन ज्या मर्टन भागात येते, तिथल्या नगरपालिकेच्या स्वाधीन केले. नव्या क्लबने नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवल्या आणि २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

त्यांनी मैदानाचा हट्टही सोडला नाही. जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, श्वानशर्यतींच्या जुन्या मैदानाच्या जागी, नवे प्लाऊ लेन उभे राहिले. पैसे कमी पडले तेव्हा बाहेरच्या धनिकाच्या हाती सूत्रे देण्याचा मार्ग मोकळा होता. समर्थकांनी २०२० मध्ये रोख्यांतून पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि सूत्रे आपल्याकडेच ठेवली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी पहिला सामना झाला. कोविडमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. एकोणतीस वर्षांनी घर मिळाले, आणि घरचे लोक बाहेर! पण क्लबची सूत्रे त्यांच्याच ट्रस्टकडे होती. त्या ट्रस्टमध्ये प्रत्येक सभासदाला एकच मत असते; जास्त पैसे देणाऱ्यालाही एकच.

मित्रहो, जिव्हाळा तर विम्बल्डनच्या लोकांकडे आधीही होता. १९९१ मध्ये मैदान सुटले, १९९८ मध्ये विकले गेले, तेव्हा तो जिव्हाळा कोणत्याही कागदावर नव्हता. २००२ नंतर त्यांनी तो सभासद नोंदवहीत, वर्गणीत आणि मतदानात उतरवला. आधी हरले आणि नंतर जिंकले, यातला फरक एवढाच.

आता स्वतःकडे पाहू. आपले सभागृह, आपले ग्रंथालय आपण ‘आपले’ म्हणतो. विश्वस्तपत्रात काय लिहिले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? सभासद यादीत आपल्या मुलांची, सुनांची, जावयांची नावे आहेत का? वार्षिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब करायची, अर्धा तास थांबायचे आणि उरलेल्या पंधरा जणांनी हिशेब मंजूर करायचे, ही आपली जुनी रीत. उद्या त्या पंधरांतल्या आठांनी जागा विकायचे ठरवले, तर मोर्चा काढायला आपण नक्की येऊ. पण तेव्हा उशीर झालेला असेल.

म्हणून एकच मागणे. पुढच्या वार्षिक सभेला वेळेवर या, घरातल्या एका तरुणाला बरोबर आणा आणि त्याचा सभासद अर्ज त्याच दिवशी भरा. त्या सभेत आपल्याला अर्धा तास थांबावे लागू नये.