अपघात की घात?



६ फेब्रुवारी २०२३ रोजी कोकणात राजापूरजवळ एका मोटारीने 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला धडक दिली. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात त्यांचा अंत झाला. बारसूच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या एका समर्थकाविषयी त्यांनी लिहिलेली बातमी धडकेच्याच दिवशी सकाळी छापून आली होती. मोटार चालवीत होता तोच गृहस्थ, असा पोलिसांचा आरोप आहे.

रस्त्यावर माणूस मेला की आपण दैवाला बोल लावतो आणि मोकळे होतो. येथे पत्रकार गप्प बसले नाहीत, म्हणून आधी सदोष मनुष्यवधाचा असलेला गुन्हा पुढे खुनाचा झाला व विशेष तपास पथक नेमले गेले.

संशय म्हणजे पुरावा नव्हे. दोषी कोण हे न्यायालयाने ठरवावे. या व्यासपीठावरून आपण निकाल देऊ नये. परंतु संशय दडपला तर न्यायालयापुढे जाणार तरी काय? पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ सालीच केला आहे. तेव्हा वाचक या नात्याने आपले मागणे एवढेच असावे: सकाळची बातमी आणि दुपारची धडक यांचा संबंध शेवटपर्यंत तपासला जावा.