कांद्याचा भाव आणि आलेखाची सचोटी



लासलगावच्या बाजार समितीत दिवसाचे लिलाव आटोपले की तीन आकडे नोंदले जातात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. यांतला कोणता आकडा घेऊन आलेख काढावयाचा, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. परंतु केवळ कमाल भाव घेतला तर शेतकरी सधन दिसतो. केवळ किमान घेतला तर नागवला गेलेला. दुसऱ्या आलेखाला सभेत टाळ्या पडतील, एवढेच.

विकिमीडिया कॉमन्स या २००४ साली सुरू झालेल्या सामाईक चित्रभांडारात ठेवलेला आलेख कोणत्याही भाषेतील विकिपीडियाला वापरता येतो. मूळ चित्रातील चूकही अर्थातच तितक्याच दूर पोहोचते.

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी. पहिल्या तारखेवर उभी रेघ मारून पुढची सारी घसरण बंदीच्या खात्यावर मांडण्याचा मोह कार्यकर्त्याला होणे स्वाभाविक आहे. मात्र त्याच सुमारास लाल कांद्याची आवक वाढत असते, आणि आवक वाढली की बंदी नसतानाही भाव उतरतो. म्हणून भावाच्या रेषेखाली आवकेचे स्तंभ हवेत, शेजारी मागील वर्षांचे तेच महिने हवेत. एवढे करूनही जी घसरण उरेल, ती सत्ताधाऱ्यांना आवकेच्या नावावर खपविता येणार नाही. लाल आणि उन्हाळ कांदा एकाच रेषेत ओवणे तर सर्वथा गैर : पहिला टिकत नाही, काढताच विकावा लागतो, दुसरा चाळीत साठवून थांबता येते. बंदीनंतर शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. त्या दिवसांची जागा रिकामीच सोडावी. तेथे शून्य लिहिणे म्हणजे कांदा फुकट गेला असे सांगणे होय.

वर्तमानपत्रातील आलेख उचलून या भांडारात ठेवता येत नाही. रेखाटनावर काढणाऱ्याचा हक्क असतो. नुसत्या तथ्यांवर तो नसतो. तेव्हा आकडे मूळ नोंदीतून घ्यावेत, आलेख स्वतः काढावा आणि वर्णनात बाजार समितीचे नाव, तारखा व संपूर्ण तक्ता द्यावा. एसव्हीजी स्वरूपात अक्षरे अक्षरेच राहतात. त्यामुळे मराठी शब्दांच्या जागी कोणी कानडी वा बंगाली शब्द सहज घालू शकतो. शीर्षकात ‘कांद्याचे भाव’ एवढेच लिहून भागत नाही. ‘लासलगाव, लाल कांदा, सर्वसाधारण भाव, रुपये प्रतिक्विंटल’ असे लिहावे लागते.