मुगाच्या दाण्याएवढा खंड्या

(गोव्यातील नार्वे येथे शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वन्यजीव छायाचित्रणावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा वाटलं होतं, वाघ-बिबट्याची चार चित्रं पडद्यावर दाखवून तासभर निभावून नेता येईल. पण निमंत्रणासोबत एक चिठ्ठी होती. गावातली मुलं विचारतात, फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा की क्रॉप, तेवढं सांगा. तेवढं सांगायचं तर चित्रं बाजूला ठेवून हिशेबच मांडायला हवा. पडदा गुंडाळून ठेवायला सांगितलाय तो त्यासाठी.

हिशेबाला जागा आपलीच घेऊ. फेरीबोटीने पलीकडे दिवाडीला उतरलं की खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध लागतात. बांधात कुठेतरी मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, असतेच. ओहोटी लागली की खाजनातलं पाणी मानशीतून बाहेर धावतं, त्याबरोबर बारीक मासळी येते, आणि तिच्या मागावर बगळे, ढोकरी, खंड्ये येऊन बसतात. समजा, मानशीच्या खांबावर लहान निळा खंड्या बसलाय. चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १७ सेंटिमीटर. आपण बांधावर वीस मीटरवर उभे आहोत, याच्या पुढे पाऊल टाकलं की तो उडणार. हातात ५०० मिलिमीटरची लेन्स आहे. ही लेन्स त्या खंड्याची प्रतिमा आत सेन्सरवर केवढी पाडते?

सव्वाचार मिलिमीटर. मुगाच्या एका दाण्याएवढी.

हा मूग लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्याच्याभोवती फिरणार आहे.

मागे सेन्सर कुठलाही असो, मूग सव्वाचार मिलिमीटरचाच राहतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, क्रॉप म्हणजे एपीएस-सी साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा, मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. ताट, ताटली आणि बशी. मूग ताटात ठेवला काय नि बशीत ठेवला काय, त्याचा भोपळा होत नाही. बशीत तो मोठा दिसतो एवढंच. 'क्रॉपवर ३००ची लेन्स ४५०ची होते' असं आपण सर्रास म्हणतो. ती ३००चीच राहते, भोवतालचं चित्र कापलं जातं.

मग फरक कशाने पडतो? त्या मुगाखाली सेन्सरचे किती बिंदू आले याने. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर आपला खंड्या लांबीला सुमारे सातशे बिंदूंत मावतो. तेवढ्याच मेगापिक्सेलच्या क्रॉपवर त्याला जवळजवळ अकराशे बिंदू मिळतात, कारण तेवढेच बिंदू लहान जागेत दाटीने बसवलेले असतात. वीस मेगापिक्सेलच्या मायक्रो फोर थर्ड्सवर साडेबाराशेच्या वर. आणि ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम घेतला तर पुन्हा हजाराच्या आसपास, म्हणजे क्रॉपच्या जवळ. निकॉनचा डी८५० आणि डी५०० हे दोन कॅमेरे ज्यांनी वापरले त्यांना हे ठाऊक आहे. पहिला ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, दुसरा वीसचा क्रॉप. डी८५०चं चित्र क्रॉपएवढं कापलं तर हाती साडेएकोणीस मेगापिक्सेल उरतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या पोटात लहान कॅमेरा आहेच, आणि त्याचे पैसे आपण वेगळे मोजलेले असतात.

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप आणि ३००ची लेन्स होती. चित्रं बरी येत होती. पण माणसाला बरं सोसत नाही. फुल फ्रेम म्हणजे खरा कॅमेरा, हे इतक्यांदा ऐकलं होतं की जुना कॅमेरा विकला, साठवलेले पैसे घातले आणि तेवढ्याच मेगापिक्सेलचा फुल फ्रेम आणला. लेन्स तीच, कारण लेन्सपुरते पैसे उरले नव्हते. पहिल्याच सकाळी चोडणला गेलो, खारफुटीत खंड्या मिळाला, घरी येऊन चित्र मोठं करून पाहिलं. साडेसहाशे बिंदूंचं पाखरू सव्वाचारशेवर आलं होतं. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी मागितलं ते त्याने दिलं होतं.

आता कुणीतरी मागून म्हणेल, अहो, पण फुल फ्रेम काळोखात चांगला चालतो ना? चालतो. फक्त का चालतो ते पाहायला हवं, आणि तिथे मला पुन्हा मानशीकडे जावं लागतं.

मानशीतून खाजनात किती पाणी येणार ते मानशीच्या दारावर ठरतं, मागे खाजन केवढं पसरलंय यावर नाही. खंड्याच्या अंगावरून निघालेला उजेड कॅमेऱ्यात येतो तो लेन्सच्या दारातून. ते दार मोजणं सोपं आहे: लेन्सचे मिलिमीटर भागिले एफचा आकडा. ५०० एफ ५.६ चं दार सुमारे ८९ मिलिमीटरचं. ३०० एफ ४ चं ७५. ६०० एफ ४ चं १५०. आता फुल फ्रेमवर ६०० एफ ४ आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० एफ ४ लावून एकाच जागी उभे राहा. दोघांच्या चौकटीत खंड्या सारखाच मोठा दिसेल. पण पहिल्याचं दार दुसऱ्याच्या दुप्पट रुंद, म्हणून क्षेत्रफळाने चौपट, आणि चित्रात उजेडही चौपट. काळोखात दिसणारा फुल फ्रेमचा जो मोठेपणा आपण वाखाणतो, तो बहुतेक वेळा या दाराचा असतो. त्या दाराचं वजन तीन-चार किलो असतं आणि किंमत लाखांत. फुल फ्रेमवर ३००चीच लेन्स लावून मधला तुकडा कापून घेतला, तर खंड्याच्या वाट्याला उजेड तेवढाच येतो जेवढा क्रॉपवर आला असता. एक कणही जास्त नाही.

'फुल' या शब्दाने तर फारच गोंधळ घातलाय. ३६ बाय २४ हे माप कुणी निसर्गनियमातून काढलेलं नाही. ऑस्कर बार्नाकने सिनेमाची फिल्म आडवी धरून लहान कॅमेरा बनवला, १९२५ मध्ये लायका बाजारात आला, आणि ते माप रूढ झालं. त्या काळी मोठ्या काचेच्या प्लेटा वापरणाऱ्यांना हेच माप टीचभर वाटत होतं. डिजिटल आलं तेव्हा सिलिकॉनचा एवढा मोठा निर्दोष तुकडा काढणं फार महाग पडे, म्हणून १९९९चा निकॉन डी१ क्रॉपच होता. 'फुल' म्हणजे जुन्या फिल्मएवढा, इतकाच त्याचा अर्थ.

मोठ्या झूमच्या ब्रिज कॅमेऱ्यांना मी एके काळी नाकं मुरडत असे. हिशेब केल्यावर ती खोड गेली. निकॉनचा पी१००० घ्या. त्याचा सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटर. पण लेन्स खरोखरची ५३९ मिलिमीटरची, एफ ८, म्हणजे दार ६७ मिलिमीटरचं. आपला मूग या बशीत ठेवला तर बशी जवळपास भरून जाते. गोम अशी की उजेड अरुंद वाटेने येताना पसरतो. एफ ८ला एका टिंबाचा सुमारे अकरा मायक्रॉनचा ठिपका होतो, आणि या सेन्सरचा एक बिंदू आहे सव्वा-दीड मायक्रॉनचा. एक टिंब आठ बिंदूंवर सांडतं. म्हणून पाखरू मोठं दिसतं, पण पिसाची धार उतरत नाही. उडता पक्षी पकडायलाही तो मंदच. तरी पलीकडच्या काठावर बसलेला पक्षी कैकर की समुद्रगरुड, एवढं ठरवायचं असेल आणि नोंद ठेवायची असेल, तर कॉलेजातल्या मुलाला याहून स्वस्त साधन मला सुचत नाही.

फुल फ्रेमचं ताट कामाला येतं ते प्राणी जवळ आणि मोठा असतो तेव्हा. कुंभारजुवेच्या कालव्यात होडीतून पंधरा मीटरवर तीन मीटरची मगर चिखलात पडलेली दिसली, तर २००च्या लेन्सनेही तिची प्रतिमा चाळीस मिलिमीटरची पडते. ताटालाही पुरत नाही. तिथे कापाकापी नसते, सेन्सरचा इंच न् इंच कामाला येतो. खाजनात तिन्हीसांजेला पाणमांजरांचं कुटुंब बांधावर चढतं, तेव्हाही तेच. दबा धरून जवळ बसायची तयारी असेल तर फुल फ्रेम आपले पैसे वसूल करून देतो. उलट पावसात चोर्ला घाटात रात्री बेडूक टिपायचे असतील तर मी लहान सेन्सरच घेतो. डोळ्यापासून बोटापर्यंत बेडूक रेखीव यावा लागतो, ते त्याच्यावर कमी खटपटीत जमतं, आणि एक हात छत्रीला मोकळा राहतो.

छत्रीवरून आठवलं. आपल्या हवेत सेन्सरच्या आधी बुरशीचा विचार करा. एका पावसाळ्यात माझी लेन्स लाकडी कपाटात, कातडी पिशवीत राहिली. चतुर्थीला बाहेर काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. दुरुस्तीच्या पैशांत बरी दुर्बीण आली असती. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा हातात घेणं, एवढं पुरतं. एसीच्या गाडीतून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं पिशवी उघडू नका, नाहीतर काचेवर दव धरतं आणि पाखरू तोवर निघून जातं. आणि दहा वाजल्यानंतर खाजनावरून हवा लहरायला लागली की लाखाचा सेन्सरसुद्धा लहरींचंच चित्र काढतो. तेव्हा घरी जावं, पेज जेवावी.

मग मुलांनी काय घ्यावं? माझ्या मते, आपल्या भागात, बांधावरून आणि फेरीच्या धक्क्यावरून पाखरं टिपणाऱ्याने वापरलेला क्रॉप कॅमेरा घ्यावा आणि उरलेला पै न् पै लेन्सच्या दारावर घालावा. खांदे दुखत असतील, वय झालं असेल, तर मायक्रो फोर थर्ड्स घ्यायला लाजू नये. मी स्वतः आता तिकडेच झुकलोय. ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम ज्याला लेन्ससकट परवडतो, त्याने माझं ऐकायची गरज नाही. पण जुन्या लेन्सवर नुसती फुल फ्रेम बॉडी बसवू नका. ती चूक तुमच्या वतीने मी करून ठेवलीय.

उद्या सकाळी मी पहिल्या फेरीबोटीने दिवाडीला जाणार आहे. एक क्रॉप आणि माझा फुल फ्रेम दोन्ही बरोबर असतील, लेन्स एकच असेल. ज्यांना मूग मोजून पाहायचाय त्यांनी आपापलं मेमरी कार्ड घेऊन उजाडायच्या आत धक्क्यावर यावं.