पाणी उन्हात का ठेवावे?

आज आपण पिण्याच्या पाण्याविषयी बोलू.

आपल्या इगतपुरीला पाऊस उदंड. पण पाणी पुष्कळ आहे म्हणून ते चांगले असते, असे नव्हे. उघड्यावरची घाण ओढ्यात, विहिरीत उतरते. तिच्याबरोबर काविळीचे विषाणू येतात. कावीळ पोटुशी बाईच्या जिवावर बेतू शकते. गळ्यात माळ घालून ती जात नाही. दवाखानाच गाठावा लागतो.

विषाणू म्हणजे काय? डोळ्यांना न दिसणारे रोगाचे बी. वर कवच, आत बारीक धागा. त्या धाग्याच्या जोरावर तो आपल्या अंगात वाढतो. एकाचे हजार होतात.

भाताचे बी भाजून पेरले तर उगवेल का? नाही ना? ऊन विषाणूचे तसेच करते, बरं का. उन्हात न दिसणारे किरण असतात. ते धाग्यावर आदळतात. धाग्यात गाठी पडतात, तो तुटतो. शिवाय उन्हाने पाण्यातला थोडा प्राणवायू जहाल बनतो. साधा प्राणवायू लोखंड गंजवतो, हे आपण पाहतो. हा जहाल प्राणवायू विषाणूचे कवच खातो. मग तो पोटात गेला तरी वाढत नाही.

मुंबईत ट्रॉम्बे येथे १९७४ साली एक केंद्र निघाले. तिथे कोबाल्टचे किरण सोडून दवाखान्याचे सामान निर्जंतुक करू लागले. ते किरण उन्हाहून फार जोराचे. पण मारण्याची रीत हीच.

पाणी खळखळ उकळणे सर्वांत खात्रीचे. काही विषाणू चिवट असतात, म्हणून पोटुशी बाईला उकळलेलेच पाणी द्या. सरपण नसेल तेव्हा मात्र ऊन कामी येते. आरपार दिसणारी स्वच्छ बाटली घ्या. दोन लिटरपेक्षा मोठी नको. तिचा कागद काढा. पाणी गाळून भरा, झाकण लावा. पत्र्यावर आडवी ठेवा. कडक ऊन असेल तर ६ तास. आभाळ निम्म्याहून जास्त भरलेले असेल तर २ दिवस. पावसाची झड लागली की हा उपाय चालत नाही. तेव्हा उकळा.

पाणी गढूळ असेल तर किरण आत शिरत नाहीत. ते कसे ओळखाल? बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवा. तोंडातून खाली पाहा. अक्षरे वाचता आली तर पाणी नितळ. नाही आली तर पुन्हा गाळा.

आता तुम्हाला वाचता येते. ही परीक्षा तुम्हीच घरी घ्या. शेजाऱ्यालाही दाखवा.