घंटा गेल्या तेव्हा



जुबिलीच्या ह्या मंगल समयी आपण वसईकर आपल्या देवळाच्या वैभवाचा हिशेब मांडीत आहोत: वेदी, मूर्ती, नवी रंगरंगोटी. ह्यांत वावगे काही नाही. परंतु आपली खरी ठेव कोणती, असे कोणी पुसले तर आपण बोट कोठे दाखवू?

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न इ. स. १७३९ साली पडला. मे महिन्यात वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती गेला. पोर्तुगीज निघून गेले आणि देवळांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर नेण्यात आल्या. त्यांतील एक भीमाशंकरास, दुसरी वाईजवळ मेणवलीस आजही टांगलेली आहे. (ती तेथे भाविकांच्या प्रार्थनेतच वाजते, ह्याचा आपणांस विषाद कशाला?) किल्ल्यातील देवळांची छपरे ढासळली, भिंतींवर झाडे उगवली.

मग उरले काय? धातू गेला, दगड पडला. उरली ती घरांतील प्रार्थना. आईने ती लेकरास दिली, लेकराने आपल्या लेकरास. तिला तिजोरी लागली नाही, म्हणून ती कोणास लुटताही आली नाही. आज आपण येथे जमलो आहोत ते तिच्यामुळेच.

आता आपल्या घंटेस कोणी हात लावीत नाही. ती दिवेलागणीस नेमाने वाजते. तथापि तिचा नाद ऐकून आपल्यापैकी किती घरांत रोझरीची माळ हाती घेतली जाते? जुबिलीची वर्गणी आपण चोख भरली. ह्या प्रश्नापाशी मात्र आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.