मातीच्या पाटीवरचे नाव

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज आम्ही कोरिया देशाविषयी बोलणार म्हटल्यावर काहींनी हसून विचारले, की आपला आणि कोरियाचा काय संबंध? संबंध असा, की पुण्यानुमोदनाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी आम्हाला एक प्रश्न विचारतोच. श्राद्ध आणि पिंडदान आपण १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांबरोबर सोडले. मग गेलेल्या माणसाचा मान राखायचा तो कसा? कोरियात याच प्रश्नावर पाचशे वर्षे कायदे झाले, आणि माणसांच्या माना उडाल्या. ते समजून घेण्यासारखे आहे.

१३९२ ते १९१० पर्यंत तिथे चोसॉन घराण्याचे राज्य होते. त्याआधी कोर्यो राजवटीत धम्माला राजाश्रय होता. नव्या राजांनी मात्र कन्फ्यूशियसची शिकवण राज्याची म्हणून स्वीकारली. भिक्खूंना राजधानीत यायला बंदी झाली, ती उठली थेट १८९५ साली. दहनाची चाल मागे पडून दफन आले. घरात पूर्वजांच्या नावाची लाकडी पाटी ठेवायची, तिच्यापुढे अन्न मांडून वाकायचे, हा 'जेसा' नावाचा विधी घट्ट झाला. आता ऐका. १४८५ च्या त्यांच्या कायद्यात लिहिले होते, की वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तीन पिढ्यांचा विधी करावा, खालच्याने दोन, आणि साध्या माणसाने फक्त आईबापांचा. म्हणजे कुणी किती पूर्वज आठवायचे, तेही पायरी बघून! पुढे चार पिढ्यांची चाल पसरली, पण मूळ हिशेब हा असा.

लाकडी पाटी घरात, आणि दुसरी पाटी जमिनीखाली. ही दुसरी पाटी चिनी मातीची. आकार साधारण पुस्तकाच्या पानाएवढा. पांढऱ्या पाटीवर निळ्या रंगाने, कुंचल्याने, मृताचे नाव, कूळ, जन्म, मृत्यू, हुद्दे, मुलेबाळे असे सगळे लिहायचे, वरून काचेसारखा लेप द्यायचा आणि भट्टीत भाजायचे. मजकूर मोठा असेल तर एकामागून एक पाट्या करायच्या, त्यांना पानांसारखे क्रमांक घालायचे. मग त्या थडग्यापाशी पुरायच्या. निळा रंग परदेशातून येई, महाग पडे. म्हणून काही पाट्यांवर लोखंडाच्या तपकिरी रंगाची अक्षरे दिसतात.

पुरायच्या कशाला? वाचणार कोण? चू शी नावाच्या चिनी पंडिताच्या विधिग्रंथात याचे उत्तर आहे, आणि ते आम्हाला फार आवडले. काळाच्या ओघात जमीन सरकेल, कुणी चुकून खणेल. तेव्हा त्या माणसाला नाव वाचता यावे आणि त्याने पुन्हा माती लोटावी. म्हणजे हे लेखन देवासाठी नाही, आत्म्यासाठीही नाही. पुढे कधीतरी येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे.

पण या पाट्या बघताना एक गोष्ट टोचते. पुरुषाचे नाव असते, हुद्दा असतो. बाईचे बहुतेक वेळा 'अमुक कुळातली' एवढेच. आणि गुलामगिरीत जन्मलेल्यांसाठी पाटी कोण भाजणार?

सेऊलच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा पाच पाट्या आहेत, त्यांची गोष्ट सांगतो. १७६२ साली राजा योंगजो याने स्वतःचा मुलगा, युवराज सादो, याला तांदूळ ठेवायच्या लाकडी पेटीत कोंडले. भर उन्हाळ्यात. आठव्या दिवशी तो मेला. आणि मग याच बापाने त्याच्या थडग्यासाठी लेख सांगितला, दरबारी लेखकावर सोपवला नाही. त्यात मुलाचे दोष आहेत आणि बापाचे दुःखही आहे. निळ्या अक्षरांत, पांढऱ्या मातीवर. आम्ही विचार करतो, बापाने हे पुरले तेव्हा त्याला काय वाटले असेल!

सादोचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तोच पुढे राजा जोंगजो झाला. त्याने १७८९ साली वडिलांचे थडगे सुवॉनजवळ चांगल्या जागी हलवले आणि १७९० साली शेजारी योंगजुसा नावाचे बौद्ध विहार उभारले. जे राज्य भिक्खूंना वेशीबाहेर ठेवत होते त्याच राज्याचा राजा बापासाठी विहार बांधतो. त्या विहाराला त्याने एका सूत्राचे कोरीव ठसेही दिले. त्या सूत्रात आईचे उपकार सांगितले आहेत: बाळंतपणाच्या कळा, कडू आपण गिळणे, गोड लेकराला भरवणे. हुद्द्याचा उल्लेख नाही.

आणि याच राजाच्या कारकिर्दीत, १७९१ साली, युन जी-चुंग या माणसाची आई वारली. तो ख्रिस्ती झाला होता. त्याने विधी केला नाही, घरातल्या लाकडी पाट्या जाळल्या. त्याच्या मामेभावाने, क्वॉन सांग-यॉनने, तेच केले. दोघांचा जोन्जू गावी शिरच्छेद झाला. आईच्या नावाची पाटी जाळावी, हे आमच्या मनाला पटत नाही, हे खरे. पण आईला कसे आठवावे यासाठी तलवार चालवणारे राज्य हे कसले मातृभक्त?

पुढचे ऐका. २०२१ साली जोन्जूजवळच्या वान्जू इथे काही जुन्या कबरी उघडल्या. सांगाड्यांबरोबर पांढऱ्या चिनी मातीचे वाडगे निघाले. त्यांवर लिहिलेली नावे वाचली, तर हेच दोघे! ज्याने पाट्या जाळल्या त्याचे नाव कुणीतरी हळूच वाडग्यावर लिहून त्याच्यापाशी ठेवले होते. महागडी पाटी परवडली नसेल, किंवा उघडपणे करवून घेता आली नसेल. दोनशे तीस वर्षांनी अनोळखी माणसांनी ते नाव वाचले. चू शी म्हणाला होता, तसेच.

अलीकडचे दोन शब्द. यी गी-हा (१६४६-१७१८) या सेनाधिकाऱ्याच्या अठरा पाट्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात पोचल्या होत्या, त्या २०२२ साली कोरियाला परत मिळाल्या. आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आईबापांच्या विधीचा मान मुलग्यालाच असे नाही. वारसांत वयाने मोठे ते मूल, मग मुलगी का असेना. कुठून कुठे आले बघा. तिथे आता दफनही कमी झाले, दहापैकी नऊ जणांचे दहनच होते.

आता आपल्या घरात या. आमच्या पणजोबांचे नाव आम्हाला ठाऊक आहे. पणजीचे नाव घरात तिघांना विचारले, तिघांनाही सांगता आले नाही. शेवटी एका वयोवृद्ध आत्यांनी आठवून सांगितले, तेही कोण्या जुन्या भांडणाची गोष्ट सांगताना! कुठल्याच कागदावर ते नाव नव्हते. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मुलाची पाच कर्तव्ये सांगितली, त्यातले शेवटचे गेलेल्यांच्या नावे दान देण्याचे आहे. पण नावच माहीत नसेल तर दान कुणाच्या नावे द्यायचे?

म्हणून समितीने एक जाड वही आणून ठेवली आहे. ती भन्तेजींच्या शेजारच्या कपाटात आहे. आजीची, पणजीची, आत्याची नावे आणि गाव ज्यांना आठवतात, त्यांनी पौर्णिमेपर्यंत लिहून द्यावीत. शाईचा पेन वापरा, पेन्सिल नको. पहिल्या पानावर आमच्या पणजीचे नाव आम्ही कालच लिहिले.

जय भीम, नमो बुद्धाय.