म्हातारी मांजर सांभाळताना

आम्ही बचत गटातल्या पाच जणी आज जरा वेगळं बोलणार आहोत. शेळ्या-कोंबड्यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलू या मांजरीबद्दल, तेही म्हाताऱ्या आणि आजारी मांजरीबद्दल.

घरातली वडीलधारी माणसं मुलांकडे शहरात जातात, दाराला कुलूप लागतं आणि मांजर ओट्यावर बसून राहते. पिल्लू असलं तर कोणीही उचलून नेतं. पण दात पडलेली, केस राठ झालेली मांजर कोणाला हवी असते? जिनं जन्मभर धान्याची कणगी उंदरांपासून राखली, तिच्या म्हातारपणी तिला कोणी विचारत नाही. आमच्या आळीतल्या आजी लेकीकडे राहायला गेल्या, तेव्हा त्यांची मनी अशीच मागे राहिली. वय १३ वर्षं, म्हणजे माणसाच्या हिशेबानं साधारण ६८. ती आम्ही सांभाळायला घेतली.

अशी मांजर घरी आणली की पहिलं काम पशुवैद्यकीय दवाखान्याचं. मनी सारखी पाणी प्यायची, लघवीही खूप करायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, मूत्रपिंडं थकली आहेत. हा आजार म्हाताऱ्या मांजरींत पुष्कळ आढळतो. तो मुळातून बरा होत नाही, पण योग्य खाणं, भरपूर पाणी आणि औषध यांवर मांजरीचे पुढचे दिवस सुखाचे जाऊ शकतात. लाळ गळत असेल तर दात-हिरड्या दुखत असतील. भरपूर खाऊनही वाळत असेल तर गळ्यातल्या ग्रंथीचा आजार असू शकतो. म्हणून ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या.

आता रोजचं सांगतो. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवायची. खाणं एकदम न देता दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, मऊ आणि ओलसर द्यायचं. मीठ, मसाला, कांदा, लसूण अजिबात नको. मूत्रपिंडाच्या आजारात मांस-मासळी किती द्यायची, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. दूध बऱ्याच मोठ्या मांजरींना पचत नाही, हगवण लागते. सांधे दुखत असल्यानं तिला उंच उडी मारता येत नाही, म्हणून गोधडी जमिनीवरच घालायची आणि शौचाला बुटक्या काठाच्या पाटीत वाळू ठेवायची. नवीन घरात सुरुवातीचे काही दिवस एकाच खोलीत ठेवा, नाहीतर ती जुन्या घराच्या वाटेला लागते. जुन्या घरातलं एखादं फडकं अंथरलं की ओळखीच्या वासानं ती लवकर रुळते.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषधही तिला लावू नका. उंदरांचं विष घरात असेल तर विष खाल्लेला उंदीर तिच्या तोंडी लागू देऊ नका. मांजरीनं दिवसभर काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टरांना कळवा. तिला रेबीजची लस टोचून घ्या. ती चावली किंवा तिनं ओरबाडलं, तर जखम १५ मिनिटं साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गरोदर बाईनं मांजरीची वाळू काढू नये, ते काम दुसरीनं करावं.

आता खर्चाचं. माणसांच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, तिथं मांजरीवर कसला खर्च, असं आम्हालाही ऐकावं लागलं. ते बोलणं चुकीचं नाही. म्हणून गटाच्या बचतीला आम्ही हात लावला नाही. आम्ही पाच घरं दरमहा झेपेल तेवढं वेगळं काढतो. मनी एका घरी राहते, पण औषध पाजायला आठवड्याचे वार वाटून घेतलेत. महिन्यातून एकदा तिला टोपलीत बसवून धान्याच्या काट्यावर वजन करतो आणि वहीत लिहितो. वजन उतरलं की ते डोळ्यांच्या आधी वहीत दिसतं. एकटीला हे ओझं झालं असतं, पाच जणींत ते झेपतं.

एक अवघड गोष्टही आधीच बोलून ठेवली आहे. तिचं खाणं सुटलं, उठवेना, आणि औषधानंही आराम पडेना झाला, तर तिला किती ताणायचं? तेव्हा डॉक्टरांना विचारून, इंजेक्शन देऊन तिला शांतपणे जाऊ द्यायचं, असं आम्ही ठरवलंय. हे बोलताना आमच्यातल्या दोघींचे डोळे भरून आले. पण त्या वेळी घाईत ठरवण्यापेक्षा आता ठरवलेलं बरं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही कुलूप लागलेल्या एखाद्या ओट्यावर अशी मांजर बसलेली असेल. पुढच्या बैठकीत पाच मिनिटं हा विषय काढा. घर कोण देईल, औषध कोण पाजेल, पैसे किती जमतील, एवढ्या तीन गोष्टी आधी ठरवा. त्या जमल्या, तरच तिला घरी आणा.